हो, डॉक्टरची केस मीच लढलो

"काहून वकीलसाहेब, आपल्याच गावच्या बाईच्या विरोधात उभे रायले तुमी?" यवतमाळहून येताना एसटीत बाईच्या घरच्या काकांनी तोंडावरच विचारलं. राग नाही आला, कापसाच्या पैशावर ऑपरेशन केलेलं घर आहे ते, बाई पुढं तीन आठवडे नागपूरला पडून होती, त्रास खराच होता.

पण त्रास झाला म्हणजे डॉक्टरनं हयगय केली असं होत नाही ना भाऊ. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं, की साधारण कुशल डॉक्टर त्या जागी जसा वागला असता तसा हा वागला का, ते बघा.

तक्रार काय, तर "पित्ताशय दुर्बिणीनं काढतो म्हणले आन् पोट फाडलं". ओटी नोट, म्हणजे ऑपरेशनची लेखी नोंद, काढली. ११.४० ला लिहिलेलं, सगळं चिकटलंय, नळ्या वेगळ्या ओळखू येत नाहीत, ओपन करतोय. आता नळी कोणती तेच दिसत नसताना दुर्बिणीनंच रेटलं असतं तर ती खरी हयगय, आणि मग मी काय बोललो असतो ग्राहक आयोगापुढं? संमतीपत्र छापील इंग्रजी, पण खाली निळ्या पेनानं मराठीत, "दुर्बिणीनं जमलं नाही तर पोट उघडावं लागेल", आणि त्याखाली बाईचा स्वतःचा अंगठा, जरा फिसकटलेला. नवऱ्याची सही नाही, तिचाच अंगठा. सुप्रीम कोर्टाच्याच २००८ च्या समीरा कोहली निकालानंतर पेशंट शुद्धीवर असेल तर तिचीच संमती लागते, आपल्याकडं किती दवाखाने हे पाळतात देव जाणे.

आता आमची बाजू लंगडी कुठं होती तेही सांगतो, निकालातच आहे सगळं. तिसऱ्या रात्री ताप, सिस्टरच्या चार्टवर नोंद आहे, डॉक्टरची एक ओळ नाही. डॉक्टर म्हणे, "मी पाहून गेलो होतो." कुठं लिहिलंय साहेब? आणि घरच्यांनी केसपेपर मागितले तर नियमानं ७२ तासांत द्यायचे, यांनी वीस दिवस फिरवलं. काका म्हणे, "एक खेप बसून सांगतलं असतं तं आमी कायले गेलो असतो कोर्टात?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आयोगानं ऑपरेशनमध्ये हयगय नाही म्हटलं, पण कागद अडवल्याबद्दल थोडी रक्कम द्यायला लावली. डॉक्टर तेवढ्यासाठी अपील करू म्हणत होते, ४५ दिवस आहेत ना म्हणे. म्हटलं, साहेब, भरून टाका.

भरले.