नुसती ५० वर्षं झाली एवढ्यावर रेस कार रोडवर काढता येत नाही

गेला महिनाभर एक मेसेज गाडीवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, मला स्वतःला तो अकरा जणांनी पाठवला. सरकारच्या व्हिंटेज नियमामुळे ५० वर्षांच्या वरची कुठलीही रेस कार २० हजार भरून, व्हीए नंबर (व्हिंटेज गाड्यांचा, व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर) घेऊन बिनधास्त रस्त्यावर चालवता येते, मडगार्ड आणि लाइट लावले की झालं, अमेरिका-इंग्लंडमध्ये तर हे कधीपासूनच चालू आहे, आणि पुरावा म्हणून खाली नंबर प्लेटवाल्या पोर्शे ९१७ या रेस कारचा फोटो. वाचायला भारी वाटतं, पण यातलं बरंचसं चूक आहे आणि उरलेलं अर्धवट. आमच्या ओळखीतल्या एका पोरानं याच मेसेजवर विसंबून एका जुन्या सिंगल सीटरचं, म्हणजे एकाच सीटच्या रेस कारचं टोकन देऊन टाकलंय, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं म्हणजे नियम. नियम खरा आहे, जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तो आला, नव्या रजिस्ट्रेशनची फी २० हजार हेही खरं. पण ५० वर्षं मोजायची कधीपासून? गाडी विकली जाऊन तिचं पहिलं रजिस्ट्रेशन झालं त्या तारखेपासून. बनली त्या दिवसापासून नाही! आता सांगा, फक्त ट्रॅकसाठी बनवलेल्या सिंगल सीटरचं रजिस्ट्रेशन झालेलंच नसतं, ती ट्रेलरवर आली, ट्रॅकवर पळाली, परत ट्रेलरवर गेली, तिला आरसी बुक कधी मिळालंच नाही, मग मोजायला सुरुवात कुठून करणार? मेसेजमध्ये 'कुठलीही' हा शब्द घातलाय ना, तो इथंच पडतो. आणि जिच्याकडे जुनी आरसी आहे त्या गाडीला तिचा जुनाच नंबर ठेवता येतो, त्यामुळे सगळ्यांना व्हीए नंबर लागतो हेही चूक.

'बिनधास्त चालवा' हे तर साफ खोटं. व्हिंटेज म्हणून रजिस्टर झालेली गाडी प्रदर्शनाला, व्हिंटेज रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला, पेट्रोल भरायला आणि मेंटेनन्सला काढता येते, रॅलीला जाणं-येणं धरून. रोज ऑफिसला नेणं, रविवारी लोणावळ्याला चक्कर मारणं यात बसत नाही. रस्त्यावर रेस लावली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहेच, ते नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांना लागू.

आता मडगार्ड-लाइटवाला मुद्दा, यावर मी जरा जास्त बोलणार कारण माझा जीव इथंच तुटतो. व्हिंटेजची व्याख्याच अशी आहे की गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल झालेला नको. म्हणजे रोडवर आणायला म्हणून तुम्ही बॉडी कापली तर ज्या दारातून आत जायचं तेच दार तुम्ही स्वतः बंद केलं. व्हिंटेज सोडून साध्या रजिस्ट्रेशनला गेलात तर कलम ५२ आडवं येतं, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी केलेली गाडी चालणार नाही हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्येच सांगितलंय. भोसरीतल्या एका शेडमध्ये मी एक हातानं ठोकून बनवलेली अ‍ॅल्युमिनियमची बॉडी बघितलीय, हातोडीचे बारीक ठसे आतून बोटाला लागायचे, आणि त्याच पत्र्याला ग्राइंडरनं कापून मडगार्डसाठी अँगल वेल्ड केलेले, कडेला पत्रा जळून काळा पडलेला. दोन वर्षं झाली, कागद काही मिळाले नाहीत, आणि ती बॉडी पहिल्यासारखी आता कोणालाच करता येणार नाही.

आणि कागद मिळाले असते तरी ती चालली असती का? चेसिसखाली माझी उभी मूठ जात नव्हती, मग आपले स्पीड ब्रेकर कसे पार करणार. रेडिएटरला फॅन नाही, कारण ट्रॅकवर हवाच गाडी थंड ठेवते, सिग्नलला उभी राहिली की पाच मिनिटांत पाणी उकळतं, स्लो ट्रॅफिकमध्ये प्लग काळे होतात, आणि स्टीअरिंग इतकं कमी वळतं की गल्लीत यू टर्न मारायला चार माणसं ढकलायला लागतात.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथला २५ वर्षांचा नियम इम्पोर्टचा आहे, जुनी गाडी देशात आणताना फेडरल सेफ्टी स्टँडर्डमधून सूट मिळते एवढंच, रस्त्यावर चालवायला टायटल (मालकीचा कागद) आणि प्लेट राज्याकडून घ्यावी लागते आणि प्रत्येक राज्याचं वेगळं. इंग्लंडमध्ये ४० वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणी माफ आहे, रजिस्ट्रेशन माफ नाही, आणि गाडी धोकादायक असेल तर दंड होतोच.

राहिला फोटो. फोटो खरा आहे पण तो मेसेजच्या विरोधातला पुरावा आहे. ती गाडी मार्टिनी अँड रोसी या दारू कंपनीच्या घराण्यातल्या काउंट रोसीची, १९७५ मध्ये खुद्द पोर्शेनं तिला सायलेन्सर, आरसे, इंडिकेटर, हॉर्न लावून दिले. तेव्हा ती गाडी पाच वर्षांचीही धड नव्हती, म्हणजे वयाचा काही संबंधच नाही. तरी युरोपात कोणी कागद देईना, शेवटी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यानं प्लेट दिली, ती पण गाडी आमच्या राज्यात चालवायची नाही या अटीवर.

मग रेस कार रोडवर येतच नाही का? येते ना, पण ज्या मुळात रोडच्या कागदासकट जन्मल्या त्या. १९२७ ते १९५७ ची मिले मिलिया ही रेस इटलीच्या साध्या रस्त्यांवर व्हायची, ब्रेशा ते रोम आणि परत, सुमारे १६०० किलोमीटर, त्यामुळे तिथल्या बऱ्याच गाड्यांना नंबर प्लेट असायच्या. जग्वारनं १९५७ मध्ये उरलेल्या डी टाइप रेस कारच्या एक्सकेएसएस नावाच्या रोड कार केल्या, दुसरं दार, मोठी काच, बंपर वगैरे लावून, त्या कंपनीनंच रोडसाठी म्हणून विकल्या आणि फॅक्टरीला आग लागल्यामुळे १६ च झाल्या. अशा गाडीचे जुने कागद असतील तर पुढं बोलता येतं.

त्या पोराला मी एवढंच सांगितलंय की उरलेले पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याकडे पहिल्या रजिस्ट्रेशनचा कागद माग, बाहेरून आलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (इम्पोर्टचा कागद) माग, चेसिस नंबर स्वतः पत्र्यावर वाचून जुळव. कागद नसेल आणि तरीही गाडी आवडली असेल तर रेस कारच्याच भावात घे, ग्राइंडर लावू नकोस, फ्लॅटबेडवर घालून कोइंबतूरला नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकवर ने. शनिवारी कागद बघायला मी पण सोबत जाणार आहे.