खुलासा : पट्टा आला म्हणजे हमाल गेला, असं नाही

‘कन्व्हेयर (माल वाहून नेणारा सरकता पट्टा) बसवला की माल आपोआप गाडीत भरला जातो, माथाडी लागतच नाही’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. लांबणारा पट्टा गाडीच्या मागच्या फाळक्यातून हौद्यात शिरतो आणि पन्नास किलोचं पोतं कमरेच्या उंचीवर आणून सोडतो. पाठीवरचं ओझं वाचतं, हे खरंच मोठं सुख! पण थप्पी माणूसच लावतो. एका झटक्यात अख्खी गाडी भरणारी यंत्रणाही आहे. मात्र तिला बहुधा गाडीच्या तळाला रोलर किंवा साखळी आणि एकाच मापाची पॅलेट (माल रचायचे सपाट पाट) लागतात. कांद्याच्या गोण्यांना अशी पॅलेट कुठून आणणार? आणि यंत्र आलं म्हणून हमाल-माथाडींच्या रोजगाराचं नियमन करणारा १९६९चा माथाडी कायदा आपोआप रद्द होत नाही.