पाद्र्यांच्या अज्ञानाची नोंद ठेवली कोणी?

‘मध्ययुगात चर्चने आपल्या पाद्र्यांना मुद्दाम अडाणी ठेवलं. त्यांना साधं लॅटिनही येत नसे आणि जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर उभा राहीपर्यंत कोणालाच त्याची फिकीर नव्हती.’ हा मजकूर वारंवार फिरत असतो. त्यातलं अज्ञान बऱ्याच अंशी खरं आहे. बाकीचं कागदपत्रांपुढे टिकत नाही.

‘लॅटिन येत नसे.’ याचा गाजलेला दाखला इंग्लंडमधल्या सॉनिंगचा, साल १२२२. सायमन नावाच्या पाद्र्याला मिस्सेतल्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतल्या, मुख्य प्रार्थनेची पहिली ओळ देऊन विचारलं, की यातल्या ‘तुला’ या पदावर कोणाची सत्ता चालते? प्रश्न व्याकरणाचा होता: ते पद वाक्यातल्या कोणत्या शब्दामुळे त्या रूपात आलं? तो म्हणाला, ‘पित्याची, कारण तोच सगळ्यांवर सत्ता चालवतो.’ त्या तपासणीत आणखीही काही जण नापास झाले. पण परीक्षक कोण होता? सॉल्सबरी कॅथीड्रलचा, म्हणजे तिथल्या बिशपच्या मुख्य चर्चचा, डीन (प्रमुख पाद्री) विल्यम. म्हणजे ही नोंद चर्चच्याच दप्तरातली आहे. फ्रान्समध्ये रूआंचा आर्चबिशप यूद रिगो यानेही १२४८ ते १२६९ अशी वीसेक वर्षं रोजनिशी ठेवली. कोण दारू पितो, कोणी बाई ठेवली आहे, परीक्षेत कोणाला लॅटिन उताऱ्याचा अर्थ सांगता आला नाही, सगळं त्यात आहे. अज्ञान लपवायचं असतं तर हे कोणी लिहून ठेवलं असतं का?

‘ल्यूथरपर्यंत फिकीर नव्हती.’ ल्यूथरचं बंड १५१७ चं. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याने मुलांसाठी वाचनाच्या शाळा काढण्याचा हुकूम ७८९ मध्ये दिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑर्लेआंचा बिशप थिओडल्फ याने पाद्र्यांना खेड्यापाड्यांत शाळा चालवायला सांगितलं, तेही फी न मागता. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या परिषदेने, प्रत्येक कॅथीड्रलमध्ये एका शिक्षकाच्या पोटापाण्याची सोय करायला लावली, म्हणजे पाद्री आणि गरीब विद्यार्थी फुकट शिकतील. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने हा नियम पुन्हा जारी केला आणि आधीचा अनेक ठिकाणी पाळलाच गेला नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं: अपयश कबूल करून पुन्हा प्रयत्न. १२८१ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप पेकम याने, पाद्र्यांच्या अज्ञानाचा उल्लेख करूनच, प्रत्येक पाद्र्याने वर्षातून चार वेळा लोकांना त्यांच्याच भाषेत श्रद्धेची कलमं, दहा आज्ञा आणि सात संस्कार समजावून सांगावेत, असा नियम केला.

राहिला ‘मुद्दाम’ हा शब्द. १२९८ मध्ये पोप बोनिफेस आठवा याने बिशपांना अधिकार दिला, की गावच्या पाद्र्याला सात वर्षांपर्यंत विद्यापीठात शिकायला सोडावं. मागे कामाला बदली माणूस ठेवून. अडाणी ठेवायचं असतं तर ही सवलत कशाला?

दुखणं वेगळंच होतं. पाद्री घडवणारी सेमिनरी प्रत्येक धर्मप्रांतात असावी, हा नियम १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत झाला. तोवर तशी सक्ती नव्हती. शिवाय अनेक गावांत पाद्री कोण हे जमीनदार ठरवी आणि पाद्रीपदाचं उत्पन्न, म्हणजे वतन, नात्यागोत्यात जाई. लिंकनचा बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट अशा अपात्र उमेदवारांना परत पाठवत असे. १२५३ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने अशीच एक नेमणूक लेखी नाकारली. उमेदवार होता पोप इनोसंट चौथा याचा पुतण्या.