‘पन्नास दिवसांचा कोरियन मृत्युखेळ’: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीने अकरावीतल्या मुलाचा लॅपटॉप कपाटात टाकून कुलूप लावले आणि मगच मला फोन केला. कारण विचारल्यावर तिने सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत असलेला एक मजकूर पाठवला. ‘सर्व पालकांनी सावधान’ अशी सुरुवात असलेल्या त्या मजकुराचे म्हणणे असे की, ‘लोबोटॉमी’ नावाचा कोरियन खेळ मुलांना मेंदू निकामी करण्याची शस्त्रक्रिया शिकवतो, त्यातले राक्षस मुलांना हुकूम सोडतात, ५० दिवसांत ५० कामे करून घेतात आणि पन्नासाव्या दिवशी जीव द्यायला लावतात. शिवाय खेळात सैतानाची नावे आहेत आणि तो मोबाइलमध्ये आपोआप उतरून पैसे उकळतो. भाचा हा खेळ खेळतो हे खरे आहे. दिवाळीला तो मीच त्याला घेऊन दिला होता, त्यामुळे खुलासाही मलाच करावा लागणार.

खेळाचे पूर्ण नाव ‘लोबोटॉमी कॉर्पोरेशन’. दक्षिण कोरियातल्या प्रोजेक्ट मून या कंपनीने तो तयार केला. डिसेंबर २०१६ मध्ये तो स्टीम या संगणकी खेळांच्या ऑनलाइन दुकानात अपूर्ण अवस्थेत आणि एप्रिल २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. लोबोटॉमी ही मेंदूवरची शस्त्रक्रिया होती, आणि तिचा पाया घालणाऱ्या एगाश मोनिश यांना १९४९ साली नोबेलही मिळाले होते. पण खेळात हे एका ऊर्जा कंपनीचे नाव आहे आणि शस्त्रक्रिया शिकवणारे एकही दृश्य त्यात नाही. नावावरून निष्कर्ष काढायचा तर साप-शिडीने आजवर किती मुलांना सर्पदंश झाला, तेही मोजावे लागेल.

राक्षस मुलांना हुकूम सोडतात, हा मुद्दा तर सरळ उलटा आहे. खेळणारा हा त्या कंपनीचा व्यवस्थापक असतो. जमिनीखालच्या कोठड्यांमध्ये विचित्र जीव कोंडलेले असतात आणि त्यांच्यापासून ऊर्जा मिळवण्यासाठी कोणत्या कोठडीत कोणता कर्मचारी कोणत्या प्रकारचे काम करायला जाईल, हे त्याला ठरवायचे असते. प्रत्येक जीवाचा स्वभाव निराळा. खेळण्यातल्या अस्वलासारखा दिसणारा एक जीव आहे. त्याच्याकडे लागोपाठ दोन वेळा एकाच माणसाला पाठवले, तर तो त्याला मिठी मारून गुदमरवून टाकतो. एक छोटासा पांढरा पक्षी आहे. तो सुटला तर नुसत्या चोची मारत फिरतो, पण घाबरून कोणी त्याच्यावर हल्ला केला की त्याचे पोट जबड्यासारखे उघडते आणि समोरचा माणूस संपतो. हे नियम सुरुवातीला झाकलेले असतात. त्या जीवाबरोबर काम करून मिळवलेल्या ऊर्जेच्या बदल्यात त्याच्या नोंदी एकेक करून उघडतात. भाच्याने यासाठी दोनशे पानी वही केली आहे. त्यात प्रत्येक जीवाला एक पान दिले आहे आणि पक्ष्याच्या पानावर लाल शाईने ‘मारू नये’ असे लिहून दोनदा अधोरेखित केले आहे. या वहीकडे बोट दाखवून बहिणीने मला विचारले, “हीच का ती कामांची यादी?”

आता त्या ५० दिवसांबद्दल. खेळात ५० दिवस आहेत, आणि बहुधा एवढ्याच धाग्यावर हा सगळा मजकूर विणलेला आहे. पण तो दिवस म्हणजे कंपनीतली एक पाळी. ठरलेली ऊर्जा जमा झाली की ती संपते. त्याचा घरातल्या कॅलेंडरशी काहीही संबंध नाही. पाळी बिघडली तर तोच दिवस पुन्हा खेळता येतो, आणि फारच बिघडले तर पहिल्या दिवसापासून सुरुवात करता येते. कर्मचारी जातात, पण मिळवलेली माहिती आणि साधने हाती राहतात. भाचा तिसऱ्यांदा पहिल्या दिवसावर आला आहे. ज्या खेळात मागे फिरण्याची सोय मुद्दाम ठेवली आहे, त्याला परतीचा मार्ग नसलेला सापळा म्हणणे हा निव्वळ अडाणीपणा आहे.

मग ‘५० दिवस, ५० कामे आणि शेवटी मृत्यू’ ही कथा आली कुठून? ती जशीच्या तशी ‘ब्लू व्हेल’ या कथित ऑनलाइन खेळाची आहे. २०१६ साली रशियातल्या एका वृत्तपत्राच्या लेखानंतर ती जगभर पसरली. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये अंधेरीतल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूशी तिचा संबंध जोडला गेला, आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप आदी कंपन्यांना त्या खेळाचे दुवे काढून टाकायला सांगितले. इथपर्यंतचे सर्वांना आठवते. पुढचे कोणी फॉरवर्ड केले नाही. सरकारने नेमलेल्या समितीने अशा घटनांमधील मुलांचा इंटरनेटवरचा वावर, त्यांची उपकरणे, फोनच्या नोंदी आणि इतर न्यायवैद्यक पुरावे तपासले, आणि त्यांपैकी एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही. हे जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितले गेले, आणि सांगणारे गृहराज्यमंत्री हंसराज अहीर आपल्याच चंद्रपूरचे होते. ज्या कथेचा पुरावा खुद्द सरकारी तपासात सापडला नाही, तीच नवे नाव चिकटवून पुन्हा आमच्या दारात आणली आहे.

यात मला सर्वांत घातक वाटते ते हे की, मूल गप्प राहू लागले किंवा जेवेनासे झाले तर खेळ काढून घ्या, एवढाच उपाय हा मजकूर सांगतो. अशा मुलाशी बोलावे, गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्यावे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने मान्य करावी लागते. खेळ भीतिदायक आहे. चित्रे व्यंगचित्रासारखी असली तरी रक्त भरपूर आहे, आणि मानसिक तोल गेलेले कर्मचारी कधी एकमेकांना मारतात, तर कधी स्वतःचा जीव घेतात. चौथी-पाचवीतल्या मुलाला मी तो देणार नाही, आणि भाच्याला देण्यापूर्वी बहिणीला विचारायला हवे होते, ही चूक माझी आहे. मजकूर लिहिणाऱ्याने एवढेच लिहिले असते, तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

सैतानाच्या नावांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. विभागप्रमुखांची मल्खुत, येसोद अशी नावे ज्यू गूढपरंपरेतून घेतली आहेत, आणि जीवांच्या धोक्याच्या पायऱ्यांना हिब्रू अक्षरांची नावे आहेत. या नावांत सैतान कुठेही नाही.

पैशांचे म्हणाल तर हा खेळ विंडोज संगणकावर एकदाच विकत घ्यावा लागतो आणि मोबाइलमध्ये आपोआप उतरत नाही. मोबाइलवर आहे तो याच कंपनीचा २०२३ मधला ‘लिंबस कंपनी’. त्यात पात्रे मिळवण्यासाठी सोडतीसारखी पद्धत आहे आणि तिच्यात मुलाचे पैसे खरोखरच जाऊ शकतात. त्याबद्दल पालकांना सावध करायचे असेल तर अवश्य करावे, पण खेळाचे नाव बरोबर लिहून.