खुलासा : निळी पाटी म्हणजे घराला कायद्याचं कवच नव्हे

‘लंडनमधल्या घरावर निळी पाटी लागली की ते घर कधीच पाडता येत नाही’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. निळी पाटी म्हणजे एखादी नामवंत व्यक्ती तिथे राहिली किंवा तिने तिथे काम केलं, हे सांगणारी इमारतीच्या भिंतीवरची गोल पाटी. पाटीमुळे इमारतीला कोणतंही कायदेशीर संरक्षण मिळत नाही. ते मिळतं वारसा यादीतल्या नोंदीमुळे, आणि ती प्रक्रिया पूर्ण वेगळी. याला पुरावा म्हणजे अशा पाट्या लावण्याच्या लंडनमधल्या योजनेतली पहिलीच पाटी. 1867 मध्ये ती कवी बायरनच्या होलिस स्ट्रीटवरच्या घराला लागली आणि 1889 मध्ये ते घर पाडलं गेलं!

ही योजना आता ‘इंग्लिश हेरिटेज’ ही वारसा जपणारी संस्था चालवते. तिच्या पाटीसाठी व्यक्तीच्या निधनाला किमान 20 वर्षं झालेली असावी लागतात, मूळ वास्तू उभी असावी लागते आणि मालकाची संमतीही लागते. पाटी साधारण 495 मिमी व्यासाची, 50 मिमी जाडीची, भाजलेल्या मातीची. ती वरून स्क्रूने ठोकत नाहीत, भिंत तेवढी कोरून आत बसवतात. पृष्ठभाग किंचित फुगीर ठेवतात, म्हणजे पावसाने धूळ धुऊन जाते.

आणखी एक : प्रत्येक निळी गोल पाटी याच योजनेतली नसते. नगरपरिषदा आणि खासगी संस्थाही तशाच लावतात, त्यामुळे कडेवरचं संस्थेचं नाव आधी वाचावं.