पंगतीतला प्रोटॉन

लग्नाला जायचं म्हटलं की मला एकाच प्रश्नाची धास्ती असते: ‘तू नक्की करतोस काय?’ ‘न्यूट्रॉनबहुल अणुकेंद्रद्रव्यातले कणांचे सहसंबंध’ हे उत्तर मी आजवर एकदाच दिलंय. काकूने कपाळाला हात लावून ताप बघितला होता.

यंदा नारायणगावला चुलतबहिणीचं लग्न. अक्षता पडायच्या आधीच आत्याने गाठलं. म्हटलं, आज सोपं करून सांगू.

‘आत्या, शिशाच्या अणुकेंद्रात 82 प्रोटॉन आणि 126 न्यूट्रॉन दाटीवाटीने कोंबलेले असतात. मध्येच त्यातले दोघे क्षणभर एकमेकांना खेटतात आणि सुसाट सुटतात. बघावं तेव्हा पाचातला एक असा कुणाला तरी खेटलेला. पण जोडी बहुतेक प्रोटॉन-न्यूट्रॉनचीच.’

‘म्हणजे सगोत्र चालत नाही,’ आत्या म्हणाली.

मी गारच. एवढ्या जवळ आल्यावर लागतं ते टेन्सर बल, म्हणजे कणांच्या फिरकीच्या (स्पिनच्या) दिशांवर ठरणारं बल. ते फिरकीच्या ज्या जुळणीत जोर धरतं, ती पाऊलीचा नियम (दोन सारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) दोन सारख्या कणांना जमू देत नाही. हे डोक्यात शिरायला मला एम.एस्सी.ची दोन वर्षं लागली होती.

‘अगदीच नाही असं नाही गं. कार्बनमध्ये मोजलंय, मिश्र वीस जोड्या झाल्या की प्रोटॉन-प्रोटॉनची एखादी.’

‘आपल्यातही झालंय एक,’ म्हणत तिने आवाज उतरवला, आणि पुढची दहा मिनिटं अणुकेंद्र बाजूला राहिलं.

खरा प्रसंग जेवणाच्या वेळी आला. केटररची निम्मी पोरं आलीच नव्हती. ‘घरचीच लावा वाढायला!’ कुणीतरी ओरडलं आणि माझ्या हातात मठ्ठ्याची बादली आली. पानं शंभरावर, वाढपी सात.

अमेरिकेतल्या जेफरसन लॅबने कार्बनपासून शिशापर्यंतच्या अणुकेंद्रांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून काढलेला निष्कर्ष 2018 साली छापून आला. न्यूट्रॉन वाढवत नेले तरी त्यांच्यातल्या सुसाटांचा वाटा तेवढाच राहतो. प्रोटॉनांचा मात्र वाढत जातो. कारण उघड आहे. जोडीला दर वेळी एक प्रोटॉन लागतोच, आणि प्रोटॉन थोडे. हा पेपर मी चारदा वाचला होता. कळला तो तिसऱ्या पंगतीत.

न्यूट्रॉन आपला मांडी घालून निवांत. टोपीवाले एक आजोबा ‘नको, नको’ म्हणत वाटीवर आडवा हात धरायचे आणि दोन बोटांत मठ्ठ्याची धार जाईल एवढी फट बरोब्बर ठेवायचे. तीनदा वाढलं. कोथिंबीर माझ्या घड्याळाच्या काचेवर चिकटली होती. तेवढ्यात पार पलीकडच्या टोकाहून हाक: ‘मठ्ठाऽऽ!’

इथून जवळच खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पल्सार टिपत असतात. पल्सार म्हणजे न्यूट्रॉन तारे, आणि तिथे तर प्रोटॉन शिशाहूनही विरळा. त्या बिचाऱ्यांची आठवण येऊन मला पहिल्यांदाच गलबलून आलं.

त्याच नादात वळलो. समोरून जिलबीचं ताट घेऊन चुलतभाऊ येत होता. तोही सुसाट. पाच-सहा जिलब्या थेट बादलीत.

पंगत शांत झाली. आत्याने भाताचा घास खाली ठेवला.

‘बघ,’ ती म्हणाली, ‘सगोत्र.’