मोहेंजोदडोवर अणुबॉम्ब पडला म्हणे! जरा थांबा की राव

तो मेसेज परत फिरायला लागलाय. चार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोवर (सिंधमधलं, सिंधू म्हणजेच हडप्पा संस्कृतीचं शहर) अणुबॉम्ब पडला, रस्त्यात एकमेकांचे हात धरून पडलेले 44 सांगाडे सापडले, हाडांमध्ये नॉर्मलच्या 50 पट रेडिएशन, विटा वितळून काच झाली, महाभारतात सगळं वर्णन आहे, शहर एका क्षणात संपलं, आणि देवळं-राजवाडे तर वाफ होऊन उडून गेले. खाली ‘अभिमान असेल तर फॉरवर्ड करा’. अभिमान मलाही आहे हो, पण म्हणूनच जरा एकेक मुद्दा बघू.

सांगाडे आधी घेऊ कारण सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे. सांगाडे सापडले हे खरं, 40 च्या आसपास, पण एका जागी नाही आणि एका थरात तर अजिबातच नाही. 1922 ला खोदकाम सुरू झालं (तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता, आणि ते सुरू करणारे राखालदास बॅनर्जी पुरातत्त्व खात्याच्या पुण्याच्या ऑफिसचे प्रमुख), त्यानंतर दहाएक वर्षांत कुणी खोलीत, कुणी बोळात, कुणी विहिरीच्या जिन्यावर असे हे सांगाडे मिळत गेले, काही तर नुसते तुकडे. वेगवेगळ्या काळातले लोक आहेत ते. बालेकिल्ल्यावर एकही नाही. हल्ला झाला असता तर तिथे आधी नको का सापडायला? गंमत म्हणजे या बिचाऱ्यांवर आधी दुसरीच केस टाकून झाली होती. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1947 मध्ये आर्यांनी यांची कत्तल केली असं सांगून थेट इंद्रालाच आरोपी केलं. मग 1964 मध्ये दुसरे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी थर तपासून दाखवलं की कत्तल वगैरे काही नाही, आणि नंतर सांगाड्यांचे अभ्यासक केनेथ केनेडी यांनी हाडं बघितली तर जखमा होत्या फार थोड्यांना, त्यातल्याही बऱ्याच भरून आलेल्या. म्हणजे मार लागल्यावर माणूस जगला होता! काही हाडांवर मात्र ॲनिमियाच्या खुणा होत्या, त्यामुळे मलेरियासारख्या आजाराची शंका घेतली गेली. इंद्र सुटला, आता बॉम्ब आणला.

रेडिएशन. उत्खननाचे मोठे अहवाल आहेत 1931 आणि 1938 चे, त्यात असलं काही मोजलेलं नाही, आणि 1945 च्या आधी मोजायचं कुणाच्या डोक्यात तरी का येईल? बरं, बॉम्बनंतर जे किरणोत्सारी सीझियम मागे राहतं ते दर 30 वर्षांनी निम्मं होतं. चार हजार वर्षांत असं 130 पेक्षा जास्त वेळा निम्मं झाल्यावर उरणार काय, शून्यच की. ही बॉम्बची कहाणी इटलीत 1979 साली आलेल्या एका पुस्तकाने गाजवली, तिथून ती इंग्रजीत, मग हिंदीत आणि आता आपल्या फॅमिली ग्रुपवर.

वितळलेल्या विटांचं उत्तर तर सोपं आहे. जे काळे काचेरी गोळे दाखवतात ते भट्टीत जास्त भाजून एकमेकांना चिकटलेल्या मडक्यांचे आहेत. कुंभाराची आव्याबाहेरची टाकाऊ रास असते ना, तसंच. आणि मोहेंजोदडोच्या बालेकिल्ल्याखालचे अवाढव्य चौथरे कच्च्या विटांचे आहेत, उन्हात वाळवलेल्या मातीच्या. काच व्हायची उष्णता आली असती तर वरच्या विटा वितळताना या कच्च्याच कशा राहिल्या? महास्नानगृह पण जागेवर आहे, 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद, पाणी झिरपू नये म्हणून लावलेल्या डांबराच्या थरासकट. पक्क्या विटांचं खरं नुकसान बघायचं तर हडप्प्याला बघा, तिथल्या विटा एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या कॉन्ट्रॅक्टरांनी खडी म्हणून उचलून नेल्या. बॉम्बपेक्षा कॉन्ट्रॅक्टर भारी!

आता महाभारत. मेसेजमधला ‘केस आणि नखं गळाली, मडकी आपोआप फुटली’ हा भाग मौसल पर्वातून उचललाय. ते पर्व जरा वाचा. ते द्वारकेतले अपशकुन आहेत, आणि झोपलेल्या माणसांचे केस नि नखं तिथे रात्री उंदीर कुरतडतात. उंदीर! ते काढून टाकलं की झालं रेडिएशन. ज्याला बॉम्ब म्हणतात त्या मुसळाचं पण तिथे पीठ करून समुद्रात फेकलंय, ते कुणावर पडलेलं नाही. आणि हजार सूर्यांचं तेज गीतेच्या अकराव्या अध्यायात आहे, ते विश्वरूपाचं वर्णन, अस्त्राचं नाही.

एका क्षणात शहर संपलं म्हणता, तर विहिरी बघा. तिथे 700 च्या आसपास विहिरी असाव्यात असा अंदाज आहे. पिढ्यान्‌पिढ्या जुन्या घरांवर नवी घरं चढत गेली, जमीन वर आली तशी विहिरीची बांधणी पण वर नेत गेले, म्हणून आज आजूबाजूची माती काढल्यावर त्या धुराड्यांसारख्या उभ्या दिसतात. शेवटच्या थरांत मोठ्या घरांच्या छोट्या छोट्या खोल्या झालेल्या, वस्तीत भट्ट्या घुसलेल्या, म्हणजे शहराची शिस्त हळूहळू ढिली पडली. इ.स.पू. 1900 च्या आसपासची ही गोष्ट. पाऊस कमी होत गेला, नद्या बदलल्या, पूर होतेच, आणि लोक हरियाणाकडे, सौराष्ट्राकडे सरकले. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला उत्तर हडप्पा काळातली (म्हणजे या संस्कृतीच्या उतरत्या काळातली) वस्ती निघालीय, बॉम्बने मेलेल्या संस्कृतीची माणसं इथवर आली कशी?

देवळं वाफ झाली हा शेवटचा मुद्दा तर कमाल आहे. हडप्पा, धोलावीरा, राखीगढी, कुठल्याही मोठ्या शहरात नक्की देऊळ किंवा राजवाडा म्हणता येईल असं काही सापडलेलं नाही, मग सगळीकडे बॉम्ब टाकला का, तोही फक्त देवळं बघून? श्रद्धा होत्याच की, शिंगांचा मुकुट घालून बसलेला देव मुद्रांवर आहे, पिंपळ आहे, राजस्थानात कालीबंगाला अग्निकुंडासारखे खड्डे आहेत. पण लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे त्या देवाला ते काय म्हणत होते ते छातीठोक कुणी सांगत असेल तर त्याचाही मेसेज फॉरवर्ड करू नका.